महालातला कूलर आणि वीस फुटांची रेषा

नागपुरात होळी झाली की घराघरांतून कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलायच्या, टाकीला रंग मारायचा, पंप फिरतो की नाही ते पाहायचं आणि कूलर आपल्या जागी चढवायचा. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि २०१३ साली २३ मे रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली, तिथे हे काम कोणी उद्यावर टाकत नाही.

हे प्रकरण महाल या नागपूरच्या जुन्या भागातल्या आमच्या बोळीत घडलं. समोरच्या काकूंनी या वेळी मोठा पत्र्याचा कूलर घेतला होता, चार फूट उंच आणि अडीच फूट खोल. घर जुनं, जिना दोन फुटी, त्यात मध्येच वळण. जुना लहान कूलर जिन्यातून जायचा, हा जाणं शक्यच नव्हतं. तेव्हा बाहेरून दोरानं ओढून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उतरवायचं ठरलं. गॅलरीवर छत नाही, त्यामुळे कठड्यावरून आत घेता येण्यासारखा होता.

कूलरवाल्या भाऊंनी मांडणी नीट केली होती. गच्चीच्या कठड्यावर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप टाकला, मागचं टोक पाण्याच्या टाकीच्या कॉलमला करकचून बांधलं, पुढचं टोक भिंतीच्या दीड फूट बाहेर ठेवलं आणि त्याला कप्पी अडकवली. कूलरला चार बाजूंनी फास घालून चारही दोर वर एका लोखंडी कडीत आणले. कडीतून निघालेला मुख्य दोर कप्पीवरून गच्चीवर गेला, तिथे तिघं जण ओढायला. कडीलाच दुसरा एक दोर बांधून खाली बोळीत सोडला. तो धरून तीन पोरं समोरच्या घराला पाठ लावून उभी राहिली. गॅलरी तीन फूट बाहेर आलेली आहे. कूलर तिच्यावर आपटू नये म्हणून त्याला बाहेर ओढून धरायचं, एवढंच त्या पोरांचं काम होतं.

सुरुवात छान झाली. कूलर जमिनीवरून उठला, डोक्याएवढा झाला, गॅलरीच्या तळापर्यंत गेला. मग दोन्हीकडची माणसं घामाघूम व्हायला लागली. कूलरचा तळ कठड्याच्या साधारण दीड फूट खाली असताना सगळं अडलं. आणखी दोघं धावले, खूप ओढाओढ झाली, जेमतेम अर्धा फूट मिळाला. तेवढ्यात खालच्या पोरांचे पाय घसरले, दोर हातातून सरकला आणि कूलर झोका घेऊन गॅलरीच्या कडेवर धाडकन आदळला. मी आवाजानं बाहेर आले तेव्हा तो हेलकावे खात होता. पत्रा चेपला, एका पोराच्या तळहाताचं कातडं सोललं. खाली कोणी उभं नव्हतं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

कूलर परत जमिनीवर उतरला. भाऊ म्हणाले, "मॅडम, जसा वर जाऊन राहिला तसा जड होऊन राहिला. आम्हाले वाटलं कुठं अडकला. पण पाहतो तं कुठंच अडकला नाही." ज्याचा हात सोलला होता तो म्हणाला, "मले तं दोर वर उचलून राहिला होता. पाय टेकतच नव्हते." आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं हेच शिकवते ना कॉलेजात? मंग सांग न, काहून असं झालं ते."

मी पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवते. कणावरच्या बलांचा समतोल हे आमचं सुरुवातीचंच प्रकरण, आणि मुलांना ते सगळ्यात कोरडं वाटतं. दोन दोऱ्या, एक वजन, दोन कोन, ताण काढा. भाऊ आणि तो पोरगा जे बोलले त्यात मात्र दोन अचूक निरीक्षणं होती. कूलर वर जाताना "जड" होत होता आणि खालच्या माणसाला दोर वर उचलत होता. ही दोन्ही वाक्यं समीकरणात जशीच्या तशी सापडतात. भाऊंचा इरादा संध्याकाळी आणखी चार पोट्टे आणायचा होता. मी त्यांना एक दिवस थांबायची विनंती केली आणि घरातून टेप आणली.

भिंतीपासून मोजलं तर कप्पी दीड फुटावर, रस्त्यापासून चोवीस फूट उंच. गॅलरीच्या कठड्याची वरची कड चौदा फुटांवर. कूलर अडीच फूट खोल, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सव्वा फूट. गॅलरीचे तीन फूट, हा सव्वा फूट आणि मोकळीक म्हणून पाव फूट धरली की कडी भिंतीपासून साडेचार फुटांवर राहिली पाहिजे. म्हणजे कप्पीच्या तीन फूट बाहेर. कडी कूलरच्या डोक्यापासून दीड फूट वर होती. पोरांचे हात रस्त्यापासून चार फुटांवर आणि कडीपासून आडवं अंतर बारा फूट. मापं इंचा-दोन इंचांनी इकडेतिकडे होती, ती मी पूर्ण फुटांत घेतली. वजनासाठी कूलर धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर नेला. पन्नास किलो भरला.

दुसऱ्या दिवशी ही मापं फळ्यावर लिहून वर्गाला विचारलं की कण कोणता धरायचा. अर्ध्याहून जास्त हात "कूलर" म्हणून वर आले. चूक म्हणता येणार नाही, पण सोयीचं नाही. कूलरला चार दोर आहेत, त्याला लांबीरुंदी आहे, तो फिरू शकतो. कणाची अट एकच असते, सगळी बलं एका बिंदूतून गेली पाहिजेत. तो बिंदू इथे डोळ्यांना दिसतो, ती म्हणजे लोखंडी कडी. तिच्यावर तीनच बलं आहेत. मुख्य दोर तिला वर आणि आत ओढतो, बाजूचा दोर दुसऱ्या दिशेनं ओढतो, आणि चार फासांतून आलेलं कूलरचं वजन खाली. कप्पी, पाइप, पोरं, गॅलरी हे सगळं पुसून टाकायचं आणि कडी एकटी काढायची. फ्री बॉडी डायग्राम म्हणतात ती हीच. मुलं ती काढायचा कंटाळा करतात आणि थेट समीकरणाला हात घालतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका त्या न काढलेल्या आकृतीत असतात.

एककाबद्दल एक खुलासा. काट्यावरचे पन्नास किलो हे वस्तुमान, आणि त्यावरचं गुरुत्वाकर्षणाचं बल ४९०.५ न्यूटन. परीक्षेत न्यूटनमध्येच लिहा. पण इथे सगळी बलं त्या एका वजनाच्या पटीत निघणार आहेत, आणि बोळीतल्या माणसांना किलोची भाषा कळते, म्हणून मी पुढे किलोभारातच बोलते. शेवटी ९.८१ नं गुणलं की झालं.

आता समतोल. कडी थांबलेली आहे, किंवा इतक्या सावकाश सरकते आहे की तिचं त्वरण सोडून देता येतं. म्हणजे आडव्या दिशेतली बेरीज शून्य आणि उभ्या दिशेतली बेरीज शून्य. कोन आणि साइन-कोसाइन काढायची इथे गरज नाही. दोर ताठ असतो, त्यातलं बल दोराच्याच दिशेत असतं, तेव्हा बलाच्या आडव्या आणि उभ्या घटकांचं गुणोत्तर टेपनं मोजलेल्या आडव्या-उभ्या अंतरांएवढंच असतं. कडी रस्त्यापासून "उ" फुटांवर आहे असं धरा. मुख्य दोर आडवा तीन फूट जातो आणि उभा (२४ − उ). बाजूचा दोर आडवा बारा फूट जातो आणि उभा (उ − ४).

आडव्या दिशेत दोनच बलं आहेत, तेव्हा दोन्ही दोरांचे आडवे घटक सारखे असायलाच हवेत. त्या सामाईक घटकाला "आ" म्हणू. मग मुख्य दोराचा उभा घटक आ × (२४ − उ) ÷ ३, आणि बाजूच्या दोराचा उभा घटक आ × (उ − ४) ÷ १२.

उभ्या समीकरणाशी मी मुद्दाम थांबले. एका मुलीला फळ्यावर बोलावलं. तिनं कडी काढली, वजनाचा बाण खाली, मुख्य दोराचा बाण वर-आत, आणि बाजूच्या दोराचा बाण बाहेर आणि वर. समीकरण लिहिलं: दोन्ही दोरांचे उभे घटक मिळून पन्नास. कडी सोळा फुटांवर असताना तिचं उत्तर आलं मुख्य दोरात ३८.८ आणि बाजूच्या दोरात १९.३. वर्गाला ते पटलंही, कारण दोन दोर आहेत तर दोघांनी वजन वाटून घ्यायला हवं असं मनाला वाटतंच. मी तिला विचारलं, हा दोर कुणाच्या हातात आहे? "खालच्या पोरांच्या." मग तो कडीला कुठे ओढतो? ती थबकली. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, आणि ओढतो तो स्वतःच्या दुसऱ्या टोकाकडे. दुसरं टोक रस्त्यावर आहे. बाण खाली हवा. ती आकृती मी पुसू दिली नाही, बाजूला चौकट करून ठेवायला सांगितली. का, ते पुढे येईल.

खरं समीकरण असं झालं. मुख्य दोराचा उभा घटक = ५० + बाजूच्या दोराचा उभा घटक. बाजूचा दोर वजन वाटून घेत नाही, वजनात भर घालतो. भाऊ म्हणाले होते ते हेच: जड होऊन राहिला.

आ × [(२४ − उ) ÷ ३ − (उ − ४) ÷ १२] = ५०

कंसातलं आवरलं की (१०० − ५उ) ÷ १२ उरतं, आणि शेवटी

आ = १२० ÷ (२० − उ)

इतकं छोटं सूत्र निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. आता कडी एकेका उंचीवर थांबवून आकडे टाकायचे.

कडी सहा फुटांवर, म्हणजे कूलर नुकता जमिनीवरून उठलेला: आ फक्त ८.६, बाजूच्या दोरात ८.७, मुख्य दोरात ५२. एक पोरगा एका हातानं धरेल. बारा फुटांवर आ १५, बाजूच्या दोरात १८, मुख्य दोरात ६२. सोळा फुटांवर आ ३०, बाजूच्या दोरात ४२.४, मुख्य दोरात ८५.४. अठरा फुटांवर आ ६०, बाजूच्या दोरात ९२, मुख्य दोरात १३४. एकोणीस फुटांवर आ १२०, बाजूच्या दोरात १९२, मुख्य दोरात २३३.

सोळाच्या ओळीवर जरा थांबा, कारण ताळा तिथे करून घेतला. तीन बलं एका बिंदूवर समतोलात असली की प्रत्येक बल भागिले उरलेल्या दोन बलांमधल्या कोनाचं साइन हे तिन्हींसाठी सारखं येतं. हे लामीचं प्रमेय. बर्नार लामी हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू आणि गणिती, त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. सोळा फुटांवर बाजूचा दोर बरोबर ४५ अंशांत खाली उतरतो आणि मुख्य दोर उभ्या रेषेपासून २०.६ अंश कललेला असतो. मग वजनासमोरचा कोन १५५.६ अंश, मुख्य दोरासमोरचा ४५ आणि बाजूच्या दोरासमोरचा १५९.४. तिन्ही भागाकार १२१ च्या आसपास आले. न्यूटनमध्ये हवे असतील तर हे ताण ४१६ आणि ८३८. लामीचं प्रमेय मुलांना फार आवडतं कारण ते झटपट आहे. पण मी ते ताळ्यापुरतंच वापरायला सांगते. चौथं बल आलं की ते कामाचं नाही, घटकांची पद्धत कितीही बलांना पुरते.

आता अठराच्या ओळीकडे या. कडी अठरा फुटांवर म्हणजे कूलरचा तळ साडेबारावर, कठड्याच्या दीड फूट खाली. बरोबर तिथेच सगळं अडलं होतं. गच्चीवरचे तिघं १३४ किलोभार ओढत होते, म्हणजे दर माणशी जवळजवळ ४५, तेही कप्पीचं घर्षण सोडून. पन्नास किलोच्या वस्तूसाठी! कप्पीला दोन्ही बाजूंनी एवढाच ताण ओढत होता. तो पाइप आणि त्याची गाठ टिकली याचं श्रेय भाऊंच्या बांधणीला.

खालच्या पोरांची गोष्ट मला त्याहून जिव्हाळ्याची वाटते. त्यांच्या दोरात ९२, त्यातला आडवा घटक ६० आणि उभा ७०. कडीला तो खाली ओढतो, म्हणजे पोरांना तेवढाच वर ओढतो. तिघांचं मिळून वजन १७० धरलं तर सत्तर दोरानं उचलले, रस्त्यावर टेकलं ते फक्त शंभर. आणि त्या शंभराच्या जोरावर पायांनी साठचा आडवा ओढा थोपवायचा, म्हणजे घर्षणांक ०.६ हवा. धुळीच्या रस्त्यावर चपलेला एवढी पकड मिळत नाही. पोरगा म्हणाला होता की पाय टेकतच नव्हते. त्यानं समीकरण न लिहिता समीकरणच सांगितलं होतं.

वर्गातल्या एकानं हिशेब पुढे नेला. कूलर कठड्यावरून जायचा तर अर्धा फूट मोकळीक धरून तळ साडेचौदा फुटांवर हवा, म्हणजे कडी वीस फुटांवर. वीस घालून पाहिलं तर खाली छेदात शून्य. त्यानं दोनदा तपासलं, मग म्हणाला, "मॅडम, उत्तर येत नाही."

उत्तर आलं होतं. मूळ समीकरणात वीस घाला. मुख्य दोर आडवा तीन, उभा चार. बाजूचा दोर आडवा बारा, उभा सोळा. गुणोत्तर एकच. दोन्ही दोर एकाच सरळ रेषेत! एकानं दिलेला प्रत्येक किलो उभा ओढा दुसरा तितकाच खाली खेचून संपवतो आणि डाव्या बाजूला शून्य उरतं. समीकरण म्हणतं की शून्य बरोबर पन्नास. असं कोणतंही बल नाही ज्यानं हे खरं होईल. चार पोट्टे आणा, चाळीस आणा, बोळीतून हत्ती ओढायला लावा, त्या मांडणीत तो कूलर कठड्यावरून कधीच गेला नसता. दोर तुटला असता, पाइप निखळला असता किंवा माणसं फरफटली असती. त्या दिवशी तिसरा प्रकार झाला. संध्याकाळी जास्त माणसं आली असती तर पहिल्या दोनांपैकी एखादा झाला असता, आणि हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

या वीस फुटांचा अर्थ समीकरणाशिवायही सांगता येतो, आणि भाऊंना मी तसाच सांगितला. कप्पीपासून पोरांच्या हातापर्यंत मनात एक सुतळी ताणा. कप्पी चोवीस फुटांवर, हात चार फुटांवर, मधलं आडवं अंतर पंधरा. ही सुतळी कूलरच्या मार्गावर, म्हणजे कप्पीपासून तीन फुटांवर, किती उंचीला येते? पंधरा फुटांत ती वीस फूट उतरते, तीन फुटांत चार. चोवीस वजा चार, वीस. तीच ती उंची. दोन टोकांना बांधलेल्या दोरावर मध्ये वजन टांगलं की तो बिंदू टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेच्या खालीच राहतो. रेषेजवळ जाऊ लागला की ताण वाढत जातो, रेषेवर तो पोचतच नाही. कपडे वाळत घालायची तार कितीही ताणली तरी ओल्या चादरीखाली थोडी झोल खातेच, त्यामागे हेच आहे. सूत्रातला (२० − उ) म्हणजे त्या रेषेपर्यंत उरलेलं अंतर. ते निम्मं झालं की आडवा ओढा दुप्पट. दोन फूट उरले तेव्हा साठ, एक फूट उरला तेव्हा एकशेवीस.

काही मुलांना हे कागदावर पटेना. मग भिंतीवरच्या बोर्डावर एका फुटाला पाच सेंटीमीटर या मापानं खिळे ठोकले, कूलरच्या जागी अर्धा किलो साखरेची पुडी टांगली आणि दोन्ही दोऱ्यांत सामान तोलायचे हुकाचे काटे अडकवले. सोळा फुटांच्या जागी बाजूचा काटा ४२० ग्रॅमच्या आसपास आणि मुख्य दोरीचा साडेआठशेच्या आसपास स्थिरावला. हिशेब ४२४ आणि ८५४ सांगत होता. मग एकानं पुडी एकोणीसच्या खुणेपर्यंत आणायचा प्रयत्न केला. काटा दीड किलोच्या पुढे गेला आणि दोरी तुटली. साखर वर्गभर झाली. अर्ध्या किलोच्या पुडीनं दोरी तोडलेली पाहिल्यावर मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबली.

आता त्या चौकटीत ठेवलेल्या आकृतीकडे. त्या मुलीनं बाण वर काढला होता. आमच्या मांडणीसाठी तो चुकीचा होता, पण तिच्या समीकरणात काहीच चूक नव्हती. ते वेगळ्या मांडणीचं बरोबर समीकरण होतं. मी वर्गाला एवढंच विचारलं की हिचा बाण खरा व्हायचा तर दोराचं दुसरं टोक कुठे पाहिजे? तीच सगळ्यांत आधी बोलली. "समोरच्या गच्चीवर."

समोरच्या घराची गच्ची काकूंच्या गच्चीएवढीच उंच आहे आणि तिचा कठडा थोडा पुढे आलेला, पोरं उभी होती त्याच्या बरोबर वर. म्हणजे आडवं अंतर तेच बारा फूट, फक्त उंची चारऐवजी चोवीस. आता दोन्ही दोर वर ओढतात:

आ × [(२४ − उ) ÷ ३ + (२४ − उ) ÷ १२] = ५०, म्हणजे आ = १२० ÷ (२४ − उ)

सूत्र तेच, विसाच्या जागी चोवीस आले. मर्यादेची रेषा कप्पीच्या पातळीला जाऊन बसली आणि आपल्याला जायचं आहे फक्त विसापर्यंत. तिथे आ तीस. बाजूच्या दोरात ३१.६. मुख्य दोरात? आडवे तीस, उभे चाळीस, म्हणजे बरोबर पन्नास. आदल्या दिवशी ज्या जागी कुठलाच आकडा पुरत नव्हता, त्याच जागी आता दोन माणसं पुरतात. कप्पी हलवली नाही, पाइप बदलला नाही, कूलर तेवढाच. उभ्या घटकांकडे पाहिलं तर ते सगळ्या उंचींवर स्थिर आहेत, मुख्य दोरावर चाळीस आणि बाजूच्या दोरावर दहा. दोन माणसांनी काठीवर घागर नेताना जो घागरीजवळ असतो त्याच्या खांद्यावर जास्त भार येतो, तशीच ही विभागणी. कप्पी तीन फुटांवर, समोरची गच्ची बारा फुटांवर, भार चारास एक.

पाइप आणखी तीन फूट बाहेर काढावा, म्हणजे बाजूचा दोरच नको, असंही एकानं सुचवलं. हिशेबानं खरं आहे. पण साडेचार फूट बाहेर लोंबणाऱ्या पाइपवर वजन आलं की तो वाकण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न कणाचा नाही, तुळईचा आहे. त्या पाइपवर माझा तेवढा भरवसा नव्हता.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, काम परत काढलं. बोळीची दोन्ही तोंडं अडवली. समोरच्या घरच्या काकांनी गच्ची उघडून दिली. कठड्याच्या कडेवर दोर कापू नये म्हणून पोत्याची घडी ठेवली आणि दोराचा एक वेढा टाकीच्या कॉलमला दिला, म्हणजे हात सुटला तरी दोर एकदम पळणार नाही. समोर दोघं, इकडे गच्चीवर तिघं. कूलर वर गेला, गॅलरीचा तळ ओलांडला, कठड्याशी आला, कठड्याच्या वर अर्धा फूट जाऊन थांबला. कुणाचाही चेहरा लाल झाला नव्हता.

इथे मी समोरच्यांना म्हणणार होते की सोडा आता हळूहळू. भाऊंनी हात वर करून थांबवलं. "तिकडून दोर सोडला का कूलर खाली येते, मॅडम. तो सरळ आत नाही येत, गोलात येते. कठड्यावर बसते मंग." माझ्या कागदावर हे नव्हतं. मी एकेका जागेचा समतोल काढला होता, एका जागेवरून दुसऱ्या जागी जातानाची वाट पाहिली नव्हती. त्या क्षणी कप्पीपासून कडीपर्यंतचा दोर पाच फूट होता, आडवे तीन आणि उभे चार. तो तेवढाच ठेवून कूलर आत झुलला तर कडी कप्पीच्या थेट खाली येईल आणि पाच फूट खाली असेल, म्हणजे एक फूट उतरेल. आमच्याकडे मोकळीक होती अर्ध्या फुटाची. तळ कठड्यात अडकला असता.

तेव्हा भाऊंनी दोन्ही गच्च्यांवर ताल धरून दिला. समोरच्यांनी वीतभर सोडायचं, इकडच्यांनी चार बोटं ओढायचं, थांबायचं, परत. प्रत्येक थांब्याला कडी नव्या जागी समतोलात येत होती, मुख्य दोर उभा होत होता आणि समोरचा ओढा कमी होत होता. थोड्याच खेपांत कूलर कठड्याच्या आत आला. मग भाऊंनी मुख्य दोर सावकाश सोडला आणि चारही पाय गॅलरीच्या फरशीवर टेकले. समोरच्या गच्चीवरच्या दोघांच्या हातातला दोर तोवर बोळीच्या मध्यावर सैल लोंबत होता.